दोन हत्ती, लक्ष्मी आणि चाळीस वार

१८८२ साली लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर एका खटल्याचा निकाल लागला. तंटा होता दोन हत्तींवरून. हत्ती खरे नव्हेत, कागदावर छापलेले. ऑर-इविंग नावाची स्कॉटलंडमधली एक कंपनी पक्क्या लाल रंगात रंगवलेलं सूत मुंबईला आणि एडनला पाठवत असे. सुताच्या गठ्ठ्यावर दोन हत्तींचं चित्र असलेलं तिकीट चिकटवलेलं असे. मुंबईच्या बाजारात या सुताला कंपनीच्या नावानं कुणी ओळखत नव्हतं. सगळे त्याला ‘बे हाथी’ म्हणत. बे म्हणजे गुजरातीत दोन. पुढे जॉन्स्टन नावाच्या दुसऱ्या कंपनीनंही आपल्या लाल सुतावर दोन हत्ती आणून उभे केले. त्यांचा बचाव असा, की तिकिटावर आमचं नाव आहे, ते पहिल्या कंपनीच्या नावाहून वेगळं आहे, मग फसवणूक कसली? न्यायाधीशांनी ते मानलं नाही. हे सूत शेवटी ज्याच्या हातात पडणार, त्याला इंग्रजी येत नाही. तो हत्ती बघून माल घेतो. तेव्हा हत्ती पहिल्या कंपनीचेच, असा त्यांनी निवाडा केला.

हा निकाल मला फार आवडतो. साहेबानं काही आपल्या विणकराच्या कळवळ्यानं तो दिलेला नाही. दोन व्यापाऱ्यांच्या भांडणातला तो निकाल आहे. पण त्यात सहा-सात हजार किलोमीटरवरच्या एका निरक्षर गिऱ्हाइकाची नजर ही पुराव्याची गोष्ट ठरली. त्याला अक्षर येत नाही म्हणजे त्याला काहीच कळत नाही, असं कुणाला म्हणता आलं नाही.

आमच्या सोलापुरात हे पटवून द्यायला वकील लागला नसता. या गावात मागावर बसणारा घरी तेलुगू बोलतो, त्याचा शेजारी दखनी उर्दू बोलतो, अक्कलकोटकडून बाजाराला आलेला शेतकरी कन्नडमध्ये भाव विचारतो आणि दुकानदार या सगळ्यांना मराठीत उत्तर देतो, हिशेब मात्र गुजरातीत किंवा मोडीत मांडतो. चार भाषांच्या गावात दुकानाच्या पाटीवर काय लिहायचं? त्यापेक्षा चित्र बरं. घोडा हा चारी भाषांत घोडाच दिसतो. म्हणून आपल्याकडे ‘छाप’ हा शब्द रुजला. माकडछाप काळी टूथपावडर, चावीछाप साबण, घोडाछाप काडेपेटी. आजही माझ्या पिढीची माणसं वाण्याकडे गेली की कंपनीचं नाव न घेता ‘तो अमक्या छापाचा द्या’ असंच म्हणतात.

सोलापूरची चाटी गल्ली तुम्ही पाहिली असेल. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. जुना मराठी शब्द आहे, आता या गल्लीच्या नावातच उरला आहे. माझ्या लहानपणी, म्हणजे १९५५-६० च्या सुमाराला, तिथल्या दुकानांत पांढऱ्या गाद्या असत. गिऱ्हाईक चपला काढून गादीवर बसे आणि दुकानाचा माणूस फळीवरचा ताका काढून आवाज करत समोर उलगडे. ताक्याच्या वरच्या घडीवर चौकोनी, चकचकीत, पोस्टकार्डाहून थोडं मोठं तिकीट असे. त्यावर लक्ष्मी, कृष्ण, मोर, वाघ, कधी आगगाडी, कधी हातात आरसा धरलेली बाई. खरेदी झाली की आम्ही मुलं आशेनं बघत बसायचो. शेठजींची मर्जी असली तर ओलं फडकं फिरवून ते तिकीट अलगद सोडवून आमच्या हातात पडायचं. नसली तर ते लुगड्याबरोबर घरी यायचं आणि मग ते कुणाचं, यावरून भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या.

या तिकिटांची गंमत अशी की ती कपड्यासाठी नव्हतीच. कपडा अंगावर चढण्याआधी ती निघायची. ती होती फक्त विकत घेण्याच्या त्या एका क्षणासाठी. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना हे चांगलं कळलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथून निघणारं कापड सगळ्या जगात जायचं, आणि एकाच प्रतीचा माल वेगवेगळ्या मुलखांत वेगवेगळ्या तिकिटांखाली विकला जायचा. हिंदुस्थानात देव, हत्ती, राजे. जिथं मुसलमान गिऱ्हाईक जास्त तिथं चांद-तारा, उंट, मशीद. चीनला जाणाऱ्या मालावर तिथले देव आणि तिथली फुलं. इंग्लंडात १८७५ साली व्यापारी खुणांच्या नोंदणीचा कायदा झाला, तेव्हा या कापडाच्या खुणांचा इतका पसारा निघाला की मँचेस्टरला त्यांच्यासाठी वेगळी कचेरी ठेवावी लागली. आपल्याकडे असा नोंदणीचा कायदा यायला १९४० साल उजाडलं. पण १८८९ चा एक कायदा मात्र गिऱ्हाइकाच्या थेट कामाचा होता. त्यानुसार ताक्यावर त्याची लांबी वारांत छापणं सक्तीचं झालं. म्हणजे वर लक्ष्मी आणि बाजूला ‘४० वार’. एकीनं मन धरायचं, दुसऱ्यानं माप.

सोलापूरला हे कापड आलं ते रेल्वेनं. १८६० मध्ये मुंबईहून येणारी गाडी सोलापुरात पोचली आणि पुढची काही वर्षं हे गाव म्हणजे रेल्वेचं टोक होतं. कापूस चढायचा, कापडाच्या गाठी उतरायच्या. मग १८७७ साली इथंच गिरणी सुरू झाली, जिला सोलापूरकर ‘जुनी मिल’ म्हणतात. नंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या. त्यांनाही तिकिटं लागलीच. मँचेस्टरशी झुंजायचं तर त्याच्याच हत्यारानं. सोलापूरच्या ताक्यावर मोर नसेल तर बार्शीच्या बाजारातली बाई मोर असलेला दुसरा ताका मागेल, इतका हा हिशेब सरळ होता.

माझे आजोबा जुन्या मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते. तयार कापडाच्या घड्या घालायच्या, शिक्का मारायचा, तिकीट लावायचं आणि गाठी बांधायच्या, हे त्या खात्याचं काम. आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कुठलं तिकीट कुठल्या प्रतीवर लावायचं यात ते कधी चुकत नसत, असं आजी अभिमानानं सांगायची. चित्रावरून नंबर आणि नंबरावरून सूत, हे त्यांना पाठ होतं. डोळे मिटून बोटांनी कापड चाचपून ‘हे सिंहाचं’ असं म्हणत, म्हणे. हा भाग आजीचा असावा. आजी आजोबांबद्दल बोलताना माप थोडं सढळ ठेवायची.

ही तिकिटं छापली कशी जायची ते थोडं सांगायला हवं. बव्हेरियातल्या एका विशिष्ट चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनं उलटं चित्र काढायचं. दगड ओला केला की कोऱ्या जागी पाणी बसतं आणि चित्रावर शाई. तेल आणि पाणी मिसळत नाही, एवढ्याच तत्त्वावर सगळं. १७९६ च्या सुमारास आलोइस झेनेफेल्डर नावाच्या जर्मन माणसानं ही शिळाछपाई शोधली. रंगीत चित्र हवं तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड. दहा रंग म्हणजे दहा दगड, आणि एकच कागद दहा वेळा तंतोतंत त्याच जागी बसवायचा. लक्ष्मीच्या ओठाचा लाल रंग जराही सरकता कामा नये. जुनी तिकिटं भिंगाखाली धरलीत तर रंगांचे बारीक ठिपके दिसतात. कित्येक तिकिटांवर शेवटी सोनेरी पूड लावलेली असे; ती आता हिरवट पडते.

याच तंत्रानं आपल्या घरांत देवांची चित्रं आली. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली चित्रशाळा काढली आणि देवादिकांची, मराठी इतिहासपुरुषांची चित्रं स्वस्तात छापायला सुरुवात केली. बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी राजा रविवर्म्याला सुचवलं होतं की तुझ्या चित्रांना इतकी मागणी आहे तर ती छापून घे. १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात रविवर्म्याचा छापखाना निघाला. प्लेगच्या दिवसांनंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं तो विकत घेतला. त्यानंतर रविवर्म्याची लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती ही सगळी मंडळी राजवाड्यांतून उतरून काडेपेटीवर, साबणाच्या कॅलेंडरवर आणि कापडाच्या ताक्यावर येऊन बसली. कलेच्या जाणकारांनी यावर नाकं मुरडली. मुरडू देत. ज्या घरात भिंतीला टांगण्यासाठी चार आणे नव्हते, तिथं लक्ष्मी लुगड्याबरोबर फुकट आली. माझ्या मते आपल्या बहुसंख्य घरांतलं पहिलं चित्र हे विकत घेतलेलं नव्हतंच. ते मालावर चिकटून आलेलं होतं.

आजीच्या ट्रंकेचं झाकण उघडलं की हे लगेच पटे. काळी पत्र्याची ट्रंक, कडीला दोरा बांधलेला. झाकणाच्या आतल्या बाजूला, कडेपासून कडेपर्यंत, चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलेली तिकिटं. चौतीस आहेत. मी मोजली आहेत. काही आजीच्या सासूची, म्हणजे माझ्या पणजीची, जुन्या पेटीवरून सोडवून इकडे लावलेली. त्यातल्या एकावर चित्राखाली ‘मँचेस्टर’ एवढंच शाबूत आहे. मधोमध गोपिकांमध्ये उभा कृष्ण. त्याच्या पितांबराला आजीनं खरी जर लावली आहे आणि गळ्यात चमचमत्या टिकल्यांची माळ. छापील देवांना असे कपडे-दागिने चढवायची त्या काळी बायकांत मोठी हौस होती. शेजारी वाघ. त्याच्या शेजारी आगगाडी. एका कोपऱ्यात गोरी, झालरीची टोपी घातलेली मुलगी. ती कुठल्या मालावरून आली कुणास ठाऊक. आजी तिला ‘साबणाची पोर’ म्हणायची.

साबण ही तेव्हा नवलाईचीच वस्तू. लिव्हर बंधूंचा सनलाइट साबण १८८८ साली पहिल्यांदा कलकत्त्याच्या बंदरात उतरला. त्याआधी धुण्याला रिठे, खार, राख, आणि न्हायला शिकेकाई. दात घासायला राखुंडी. दिव्यात करडईचं किंवा एरंडाचं तेल. पंचवीस-तीस वर्षांत यातल्या एकेका गोष्टीची जागा एकेका पाकिटानं, डब्यानं, बाटलीनं घेतली. रॉकेल आलं, काडेपेटी आली, बाळाला बालामृत आलं. आपण याला ‘सुधारणा आली’ असं एका वाक्यात म्हणून मोकळे होतो. पण घरातल्या बाईला ती कशी भेटली? वस्तू संपायची, वेष्टन उरायचं. रॉकेलच्या डब्याला दांडी लावून बादली व्हायची, कापून पत्रा व्हायचा. औषधाच्या बाटलीची चिमणी व्हायची. आणि ज्या कागदावर चित्र असेल तो ट्रंकेच्या झाकणावर. टाकून द्यायचं असतं हे आजीला माहीतच नव्हतं. ज्या जाहिराती तिला काहीतरी विकायला निघाल्या होत्या, त्यांचा तिनं आपल्यापुरता संसार केला.

यात अडचणही होती. देवाचं चित्र असलेला कागद टाकायचा कुठं? केरात नाही, चुलीत तर नाहीच. पिंपळाखाली ठेवायचा नाहीतर वाहत्या पाण्यात सोडायचा. आणि परदेशी मालावर देव असेल तर? पणजीसमोर हा पेच खरोखरीच आला. १९३० चं ते साल. सोलापुरात काय घडलं हे सोलापूरकरांना सांगायला नको. मे महिन्यातला गोळीबार, मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. त्याच्या थोडं आधी, परदेशी कापडाच्या होळ्या चालल्या असताना, आमच्या बोळातल्या पोरांनी घरोघर फिरून विलायती कपडे गोळा केले. पणजीकडे कोरं, न नेसलेलं एक पातळ होतं. वर तिकीट तसंच. तिनं पोरांना दारात थांबवलं, ओल्या बोटांनी तिकीट सोडवून घेतलं आणि मग पातळ दिलं. एक मुलगा म्हणाला, ‘आज्जी, तिकीटबी विलायतीच की!’ त्यावर पणजी म्हणाली, ‘असंल. लक्ष्मी काय विलायतची हाय व्हय?’ आमच्या घरात हे वाक्य अजून वापरात आहे, अनेक भलत्याच प्रसंगी.

या प्रश्नाला मला आजवर नीट उत्तर सुचलेलं नाही. चित्र मूळ आपल्या देवीचं, छापण्याचं तंत्र जर्मन, दगड बव्हेरियाचा, कागदाखालचं कापड लँकेशायरचं आणि त्यातला कापूस कदाचित आमच्याच भागातून गेलेला. त्यात ‘आपलं’ नेमकं कुठून कुठपर्यंत? पुढे देशी गिरण्यांच्या तिकिटांवर भारतमाता आली, चरखा आला, गांधीजी आले. तेही मन धरण्यासाठीच. पण ट्रंकेच्या झाकणावर मँचेस्टरच्या कृष्णाशेजारी चरखा सुखानं बसला आहे.

गिरण्यांचं पुढे काय झालं ते आपल्या डोळ्यांदेखत आहे. जुनी मिल साठच्या दशकात बंद पडली. लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. भोंग्यावर चालणारं गाव भोंग्याविना चालू लागलं. मिलची यंत्रं भंगारात गेली, कापड फाटून पायपुसणी झाली, आणि फक्त पुसून टाकण्यासाठी जन्माला आलेला कागद तेवढा टिकला. आता त्याला बाजार आहे. मुंबईच्या चोरबाजारात, लिलावांत ही तिकिटं चौकटीत बसवून विकली जातात. २०२५ साली बंगळुरूच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीत त्यांचं खास प्रदर्शन भरलं. चांगलंच झालं. पण तिथं तिकीट एकेकटं असतं. कुठल्या छापखान्याचं, कुठल्या साली, एवढं कळतं. ते कुणी सोडवलं, कुठल्या लुगड्याचं, कुणाच्या बारशाला घेतलेलं, हे कळत नाही. बाजारालाही ते नको असतं. खरं तर जर लावलेल्या तिकिटाला भाव कमी येतो. विकणारे त्याला ‘खराब केलेलं’ म्हणतात!

गेल्या वर्षी माझ्या पुतण्यानं ट्रंकेचे फोटो काढून असल्याच एका विक्रेत्याला पाठवले. त्यानं रक्कम चांगली सांगितली. पण झाकण नको, तिकिटं सोडवून हवीत. घरात दोन तट पडले. पुतण्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. कसर लागते आहे, पावसाळ्यात पत्रा गंजतो, आणखी वीस वर्षांनी काहीच उरणार नाही. त्यापेक्षा काचेआड जाऊ देत. धाकट्या बहिणीचं म्हणणं, झाकण मोडलं की आजी मोडली. मी बहिणीच्या बाजूचा. पण पुतण्याच्या कसरीला माझ्याकडे उत्तर हवं होतं. म्हणून सध्या झाकण आडवं ठेवून त्यावर आम्लविरहित कागद घातला आहे, कडुनिंबाचा पाला आता बंद केला आहे कारण त्याचे डाग पडतात, आणि प्रत्येक तिकिटाचा फोटो काढून त्याखाली कुणाला जे आठवतं ते लिहायला सुरुवात केली आहे. चौतीसपैकी अकरांची हकीकत मिळाली. उरलेल्या तेविसांची सांगू शकणारी माणसं गेली.

तुमच्याही घरात असं काही असेल. माळ्यावरची ट्रंक, देवघरामागचा कागद, जुन्या वहीचं कव्हर. ओलं फडकं फिरवू नका. जुने रंग कधी कधी पाण्यानं सुटतात. फोटो काढा, मागच्या बाजूचाही. आणि घरातलं जे सर्वांत म्हातारं माणूस असेल त्याच्यासमोर तो धरा, आजच.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. हत्तींचा खटला जुना झाला असं समजू नका. सोलापुरी चादरीला २००५-०६ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली, म्हणजे सोलापूरबाहेरच्या मालाला ते नाव लावता येत नाही. तरीही बाहेरगावी बनलेल्या चादरी ‘सोलापुरी’ म्हणून बिनदिक्कत विकल्या जातात, आणि आता तर गिऱ्हाइकाला वाचताही येतं.

पणजीनं होळीतून वाचवलेली लक्ष्मी मात्र झाकणावर नाही. तिची चौकट करून घेतली होती गड्ड्याच्या जत्रेत, सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या एका चौकटवाल्याकडून. ती सध्या माझ्या मोठ्या भावाच्या देवघरात असते. रोज फूल, शुक्रवारी हळद-कुंकू. नव्वद वर्षांच्या कुंकवानं काचेचा खालचा भाग लाल झाला आहे. दिवाळीत वहिनी काच पुसतात, तेव्हा कमळाच्या खाली दोन-तीन दिवस बारीक छपाई दिसते, आणि तिच्या शेजारी: ४० वार.